कवचातली ओळ

हुझालतुम आत्याने वेताची पेटी दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणली, मांडीवर ठेवली, आणि झाकणावर तळहात पसरून ती बसून राहिली. झोपलेल्या तान्ह्या मुलावर हात ठेवावा तसा तो हात होता.

"बघा, वाचा, हवा तितका वेळ हातात धरा," ती म्हणाली, "पण पाटी फोडायची नाही."

एतेल-पी आधीच घामाघूम झाला होता. सूर्यदेव शमशला वाहिलेल्या बायकांच्या या मठात दरवाजालगतच्या ओवरीपर्यंतच पुरुषांना येता येई, आणि ती ओवरी त्याच्या देहाच्या मानाने फार लहान होती.

"आत्या, अगं असं काय करतेस? घटकाभरात न्यायाधीश बाहेर येऊन बसतील. ते म्हणतील, फोडा. मी काय सांगू त्यांना? आमची आत्या रुसली?"

"सांग. म्हातारी आहे, रुसते, म्हणावं."

"बूर-नूनू काका हसेल."

"त्याला जन्मात हसायला फारसं काही मिळालं नाही. हसू दे."

इप्कूशा भिंतीला टेकून ऐकत होता. थोरल्याने बोलायचे आणि धाकट्याने लिहायचे, हे या दोघा भावांत लहानपणीच ठरून गेले होते. गेली अकरा वर्षे तो शमशच्या मंदिराच्या दरवाजात बसून लोकांची जमीनखरेदीची पत्रे लिहीत होता. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूची टोके उमटवताना समोरच्या माणसाकडे बघायचे नाही, एवढे तो शिकला होता. कारण शेत विकणारा माणूस त्या वेळी बहुधा आपल्या हातांकडे बघत असतो.

आजचा वाद मात्र त्याच्याच घरातला होता. इर्निना कालव्याला लागलेली नऊ इकू जमीन पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी, इलशू-बानीने, आपल्या धाकट्या भावाकडून विकत घेतली होती. तो भाऊ, सिन-रेमेनी, त्याच वर्षी दुखण्याने गेला, आणि त्याचा मुलगा बूर-नूनू बापामागे जन्माला आला. आता पन्नाशीला टेकल्यावर तो न्यायाधीशांपुढे उभा राहिला होता: शेत विकलेच नव्हते, थोरल्या घराने ते दाबले. साक्षीदार एकूण एक मातीआड झाले होते. उरली होती ती आत्याच्या पेटीतली ही एवढीशी माती.

"बरं, का फोडायची नाही, ते तरी सांग," एतेल-पी म्हणाला. "कवच असतं कशासाठी? आत जे लिहिलंय तेच वरून दुसऱ्यांदा लिहायचं. वरच्यावर कुणाचा विश्वास बसेना की फोडायचं आणि आतलं बघायचं. आजोबांनी काय हौस म्हणून दोनदा लिहून घेतलं?"

"एकदा फोडलं की कवच परत येत नाही."

"नवीन करता येतं! हा बसलाय ना इथे, गावाला कवचं घालणारा."

आत्याचा हात झाकणावरून किंचित हलला. मग तिने पेटी उघडली, तागाच्या फडक्यात गुंडाळलेली पाटी काढली आणि एतेल-पीला ओलांडून धाकट्याकडे धरली.

"आधी तू बघ," ती म्हणाली.

पाटी तळहाताएवढी होती, आणि दिसण्याच्या मानाने जड. इप्कूशा ती घेऊन उजेडाच्या बाजूला वळला. अक्षरे वाचण्याआधी तो नेहमी माती वाचीत असे. त्याने पाटी तिरपी धरली, आणि कवचाच्या अंगावरचे तडे त्याला दिसले: केसाएवढे, एकमेकांत गुंतलेले, कोरड्या तळ्याच्या तळावर पडतात तसे.

असे तडे का जातात हे त्याला कुणी सांगायला नको होते. ओली माती वाळताना आकसते. आतली पाटी अजून दमट असतानाच कवच चढवले, तर दोघी मिळून आकसतात आणि बाहेरचे अंग गुळगुळीत राहते. पण आतली आधीच वाळून दगड झालेली असेल, तर ती जागा देत नाही. बाहेरची एकटीच आकसू बघते आणि फाटते. हे कवच पत्र लिहिले त्या दिवशीचे नव्हते. ते नंतर, बरेच नंतर चढवलेले होते.

मग त्याने मुद्रा पाहिली, ओल्या मातीवर लाटण्यासारखी फिरवायच्या कोरीव दगडी नळीचा ठसा. शिंगांवर चांदणी तोललेला बोकड, पुन्हा पुन्हा, चारी कडांनी लाटत नेलेला. ही तर आजोबांचीच मुद्रा. पण जमीन विकत घेणारा आपल्याच पत्रावर मुद्रा कशाला लाटेल? ती विकणाऱ्याने लाटायची असते, साक्षीदारांनी लाटायची असते. इतकी ढोबळ चूक या सिप्पर शहरातल्या कोणत्याही लेखकाच्या हातून झाली नसती.

त्याने मान वर केली. आत्या त्याच्याकडेच बघत होती.

"काय रे?" एतेल-पीने विचारले. "सगळं ठीक ना?"

"दादा, घसा कोरडा पडलाय. जरा पाणी मिळालं तर बघ ना."

"मी बघू? मी?" एतेल-पी कण्हत उठला. "घरात थोरला मी, शेत कसणारा मी, आणि पाणीही मीच आणायचं. हा नुसता चिखलात काड्या टोचणार." असे पुटपुटत तो दरवाजाकडे गेला.

त्याची पावले दूर गेली.

"तुला कळलं," आत्या म्हणाली.

"कुणी केलं हे?"

"मी. बारा वर्षांची होते." तिने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "पुराचं वर्ष. बाबा तांडा घेऊन वर एश्नुन्नाला गेले होते. जाताना मला म्हणाले, पाणी चढायला लागलं की पाट्यांचे रांजण गच्चीवर ने. मी गच्चीवर गेले, पण पूर बघायला. वरून फार सुंदर दिसत होतं रे, सगळं गाव आभाळात तरंगत असल्यासारखं. खाली आले तेव्हा रांजणात पाणी होतं. बाकीच्या पाट्या वरच्या बाजूला होत्या, त्या वाचल्या. ही तळाशी. कवचाचा चिखल झाला होता. आतली तेवढी धड राहिली. ती मी उन्हात ठेवली, चांगले वीस दिवस. आणि मग बाबा यायच्या आत नवीन कवच चढवलं. लिहायला त्यांनीच शिकवलं होतं ना."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"त्यांनी रांजणात डोकावून मोजल्या. भरल्या." ती थांबली. "कवच खोटं निघालं तर काय होतं, इप्कूशा? तू रोज बघतोस."

त्याला ते ठाऊक होते. पत्राचा मान जाई. पत्र ज्यांचे, त्यांची जमीन जाऊ शकत होती. आणि खोटी मुद्रा लाटणारी मठातली असली, तर तिला त्या दरवाजातून बाहेर पडावे लागे. साठाव्या वर्षी, ज्या शहरात मठाखेरीज तिचे स्वतःचे घर नाही अशा शहरात.

"पण आतलं तर खरं आहे," तो म्हणाला. "मग फोडू दे की."

आत्याने पाटी त्याच्या हातून घेऊन फडक्यात गुंडाळली. फक्त म्हणाली, "सांगू नकोस, असं मी म्हणणार नाही. सांग, असंही म्हणणार नाही. शपथ घेताना शमशच्या करवतीवर तुझा हात असेल, माझा नाही."

एतेल-पी हातात घडा घेऊन परत आला. "पाणी नव्हतं. सातूचं मद्य होतं. दरवाजावरची बाई म्हणाली, जपून, मठाचं आहे. म्हटलं, आमचा अर्धा सातू या मठातच येतो, एक घडा परत गेला तर देव रागावणार नाही."

*

दरवाजाबाहेर चटईच्या मांडवाखाली दोन न्यायाधीश बसले होते. बोलणारा एकच होता, शुमुम-लिब्शी; म्हातारा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे तो माणसांच्या चेहऱ्यांऐवजी आवाजांकडे मान वळवीत असे. त्याच्यापुढे लाकडी चौरंगावर शमशची करवत ठेवलेली होती. सूर्यदेव याच करवतीने डोंगर चिरून रोज पहाटे वर येतो. तिच्यावर हात ठेवून खोटे बोललेला माणूस इप्कूशाने आजवर पाहिला नव्हता. निदान बोलून झाल्यावर पूर्वीसारखा राहिलेला तरी पाहिला नव्हता.

बूर-नूनू समोर उकिडवा बसला होता. होड्यांच्या तळाला डांबर लावून लावून त्याची बोटे कायमची काळी झाली होती. बरोबर कुणी नव्हते.

"एकटेच आलात, काका?" एतेल-पी म्हणाला. "साक्षीदार कालव्यात बुडाले वाटतं."

"माझा बाप आला असता. पण तो तुझ्या आजोबाला शेत देऊन झोपी गेला, तो उठलाच नाही."

"देऊन! ऐकलंत ना? स्वतःच म्हणतोय, देऊन!"

"कसायला देणं वेगळं आणि विकणं वेगळं. माझ्या होडीला भोक असलं तर आत बसणाऱ्याचे पाय तरी भिजतात, तेव्हा कळतं. तुमच्या पत्रातून काय गळलं, ते कुणाला कळणार?"

"पुरे," शुमुम-लिब्शी म्हणाला. "बूर-नूनू, तुझ्याकडे पत्र नाही, साक्षीदार नाही. आहे काय?"

बूर-नूनूने आपल्या काळ्या बोटांकडे पाहिले. "आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तापात होती. माझा हात धरून सारखं तेवढंच म्हणत होती, कालव्याकडचं आपलं आहे, बाळा, कालव्याकडचं आपलं आहे. मी सात वर्षांचा. काय कळणार? पण मरणारी बाई उगाच नाही म्हणत. रोज होडी घेऊन त्या शेतावरून जातो मी. रोज बघतो."

एतेल-पीने हातातला घडा खाली ठेवला.

आत्या मठाच्या उंबरठ्याच्या आतल्या बाजूला पाटावर बसली होती. तिने पाटी पुढे केली. शुमुम-लिब्शीने ती घेतली आणि बोटांनी चाचपू लागला. बोटे एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली.

"मला डोळ्यांनी दिसत नाही आणि बोटांवर आता भरवसा नाही," तो सावकाश म्हणाला. "इप्कूशा. तू त्यांच्या घरातला आहेस, हे माहीत आहे मला. पण मातीची पारख या गावात तुझ्याइतकी कुणाला नाही. बूर-नूनू, याचं म्हणणं तुला चालेल?"

"चालेल."

"का?"

"हा फार बोलत नाही."

"मग करवतीवर हात ठेव, इप्कूशा, आणि सांग. हे कवच आतल्या पाटीबरोबरच चढवलेलं आहे का?"

करवतीचे पाते उन्हाने तापले होते. हात ठेवताच इप्कूशाला वाटले की आपण आयुष्यभर जी अक्षरे लिहिली, ती सगळी याच एका पात्याच्या दातांखालून निघून जायची वाट बघत उभी होती. 'हो' म्हटले तर शेत राहील, आत्या राहील, आणि न्यायाधीश कदाचित फोडण्याचे नावही काढणार नाहीत. 'नाही' म्हटले तर मठाच्या दरवाजातून एक म्हातारी बाई आपली वेताची पेटी घेऊन बाहेर पडताना त्याला दिसत होती. तिनेच त्याच्या हातात पहिल्यांदा बोरू दिला होता. अंगठा असा नको, असा, म्हणून त्याची बोटे तिने आपल्या बोटांत धरली होती, आणि पहिल्याच दिवशी सांगितले होते: ओल्या मातीत हवे ते लिहिता येते, म्हणून तर जपून लिहायचे.

"नाही," तो म्हणाला. "कवच नंतरचं आहे."

क्षणभर कुणाला काही समजलेच नाही. मग एतेल-पी ओरडला. "अरे गाढवा! अरे, कुणाकडून बोलतोयस तू? उन्हाने डोकं फिरलं का तुझं?"

"मी केलं ते," उंबरठ्याच्या आतून आवाज आला.

हुझालतुम उभी राहिली होती. तिने पुराची, रांजणाची, गच्चीची गोष्ट पुन्हा सांगितली, पण या वेळी गच्चीवरून दिसलेले सुंदर गाव तिने गाळले. एतेल-पी तिच्याकडे असा बघत राहिला, जणू घरातली भिंतच बोलू लागली होती.

"खोटं कवच!" बूर-नूनू उठून उभा राहिला. "बघा! बाहेरचं खोटं, मग आतलं कशावरून खरं? तेही हिनेच केलं असेल."

"ते मातीच सांगेल," शुमुम-लिब्शी म्हणाला. "बाहेरच्याने आपला हक्क गमावला. आता आतल्याने बोलावं. फोड, इप्कूशा."

त्याने चटईवर फडके पसरले. गुळगुळीत गारगोटी घेऊन कवचाच्या कडेवर एकदा, दोनदा, अगदी हलक्या हाताने ठोकले. अंड्याचे कवच फुटावे तसा आवाज झाला. एक तुकडा निघाला, मग दुसरा, आणि मग आपल्याच तड्यांवरून ते सारे उलगडून बाजूला पडले.

आत जवळजवळ पन्नास वर्षे कुणी न पाहिलेली पाटी होती.

इप्कूशाने आजवर शेकडो पाट्या पाहिल्या होत्या, पण अशी एकही नाही. पुराच्या त्या वर्षानंतर तिच्यावर धूळ बसली नव्हती, बोटांचा घाम लागला नव्हता, ऊन पडले नव्हते. कडा नुकत्याच चिमटून काढल्यासारख्या होत्या. अक्षरांची पाचरी टोके इतकी तीक्ष्ण होती की तिरप्या उजेडात प्रत्येकाच्या पोटाशी आपली आपली सावली होती. लिहिणारा उठून हात धुवायला गेला आहे आणि आता परत येईल, असे वाटत होते. पण तो लेखक, ते साक्षीदार, विकणारा, घेणारा, सगळे जग सोडून गेले होते. त्यांचा तो एकच दिवस तेवढा इथे, या मुठीएवढ्या अंधारात, न मावळता थांबून राहिला होता.

चटईभोवती जमलेली माणसे नकळत पुढे वाकली. दुसऱ्या न्यायाधीशाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"हात जुना आहे," इप्कूशा म्हणाला. "ही वळणं आता कुणी काढत नाही. बारा वर्षांच्या मुलीला ही जमणार नाहीत."

"वाच."

त्याने वाचले. "नऊ इकू शेत, इर्निना कालव्याला लागून, एका बाजूला इलशू-बानीचं शेत. सिन-रेमेनीकडून त्याचा भाऊ इलशू-बानी याने विकत घेतलं. पूर्ण मोल दिलं. विक्री पक्की करणारं मुसळ ओलांडून झालं. सिन-रेमेनीचं मन समाधान पावलं, बोलणं संपलं. पुढे कधीही भावाने भावावर दावा सांगू नये. शमशची, मारदुकची आणि राजाची शपथ दोघांनी घेतली."

एतेल-पीने दोन्ही तळहात मांडीवर आपटले. "झालं! विकलं, मोल मिळालं, शपथ घेतली! अजून काय हवंय, काका? आत्या, तू उगाच—"

"अजून आहे," इप्कूशा म्हणाला.

शपथेच्या खाली आणि साक्षीदारांच्या नावांच्या वर दोन ओळी दाटीवाटीने बसवलेल्या होत्या. सगळे ठरून गेल्यावर कुणाला तरी काहीतरी आठवले असावे, आणि लेखकाने त्यांच्यासाठी जागा करून दिली असावी. त्या त्याने आधी मनात वाचल्या. मग मोठ्याने वाचल्या.

"कालव्याच्या काठावरच्या अकरा खजुरी विकलेल्या नाहीत. त्या सिन-रेमेनीच्या बायकोच्या पोटातल्या बाळाच्या आहेत."

कालव्यावरून एक होडी चालली होती. तिच्या वल्ह्यांचा आवाज इथपर्यंत ऐकू आला.

"परत वाच," बूर-नूनू म्हणाला.

त्याने परत वाचले.

"शेवटचं तेवढं."

"पोटातल्या बाळाच्या आहेत."

बूर-नूनू हळूहळू खाली बसला. पन्नास वर्षांच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर काय चालले होते, ते बघण्याचे धाडस इप्कूशाला झाले नाही. त्याने नजर वळवली आणि त्याचे लक्ष फडक्यावरच्या तुकड्यांकडे गेले. त्यांतला मोठा तुकडा पालथा पडला होता. त्याने तो उचलला. आतल्या अंगाला अक्षरे होती. पण खोलगट नव्हेत, उठावदार, आणि उजवीकडून डावीकडे उलटी. ओले कवच पाटीवर दाबून बसवताना आतला सगळा मजकूर त्याने आपल्या अंगावर उचलून घेतला होता. त्यात त्या दोन ओळीही होत्या. बाहेर बोकडांच्या मुद्रा, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून त्या अकरा खजुरी, उलट्या उभ्या.

"आत्या," तो म्हणाला, "बाहेर ही ओळ नाही."

"नाही," ती म्हणाली. ती दाराची चौकट धरून उभी होती. "मी आधी मुद्रा लाटली. आधी लिहायचं असतं, आणि मग उरलेल्या जागेत मुद्रा. बाबांची मुद्रा लाटायला मला कधी मिळत नसे. तो बोकड पळतो ना मातीवर. लाटत गेले, लाटत गेले. मग लिहायला बसले तर जागाच पुरेना. दोन ओळी राहिल्या. मी म्हटलं, राहू देत. आत आहेतच की."

"आणि नंतर?" शुमुम-लिब्शीने विचारले.

"नंतर बाबा गेले. माझा भाऊ, या दोघांचा बाप, पाटी घेऊन माझ्याकडे आला. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, वाच, काय काय आपलं आहे." ती थांबली. "मी बाहेरचं वाचलं. जे लिहिलं होतं तेच वाचलं. तेव्हा मी बारा वर्षांची नव्हते. तेव्हापासून दर हंगामात मला त्या झाडांचे खजूर येतात. पहिला घड मठातल्या आत्याला, असा आमच्या घरचा रिवाज आहे. दर वर्षी मी म्हणायची, या वर्षी सांगेन. आणि दर वर्षी खाल्ले."

एतेल-पी, ज्याच्याकडे कोणत्याही प्रसंगी शब्द असत, तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होता.

बूर-नूनूने मान वर करून उंबरठ्याकडे पाहिले. "ताई," तो म्हणाला. आणि ती आपली थोरली चुलतबहीण आहे, हे सगळ्यांना बहुधा त्या क्षणी आठवले. "गोड होते का गं?"

तिने चौकट सोडली.

"फार," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. जणू तेवढेच त्याला विचारायचे होते, आणि उत्तर त्याच्या मनासारखे मिळाले होते.

न्यायाधीशांना फार वेळ लागला नाही. शेत थोरल्या घराचे. खजुरी बूर-नूनूच्या, आजपासून नव्हे, तो जन्मला त्याच्या आधीपासून.

"आणि हुझालतुम," शुमुम-लिब्शी म्हणाला, "कवच एका बारा वर्षांच्या पोरीने केलं. तिला शिक्षा करायची तर ती माझ्यापुढे उभी हवी, आणि मला इथे एका म्हातारीचा आवाज ऐकू येतोय. भावाला जे वाचून दाखवलंत, ते मात्र तुमचं. त्याचं उत्तर शमशला द्या. त्याच्याच दारात तर बसता रोज."

एतेल-पी खाकरला. "काका, इतक्या वर्षांचे खजूर... म्हणजे, ते काही आम्ही—"

"राहू दे रे. ते कुठे गेले, ते तुझ्या पोटाकडे बघून कळतंय."

लोक हसले. एतेल-पीही हसला, थोडा उशिरा, आणि मग त्याने घडा उचलून काकांच्या पुढे केला. बूर-नूनूने तो घेतला.

आता पाटीला नवीन कवच चढवायचे होते. या वेळी न्यायाधीशांच्या साक्षीने, सगळ्या ओळींसह. इप्कूशाने माती भिजवली, मळली, थापून पातळ पोळीसारखी पसरली. चढवण्याआधी पाटीच्या कडा पुसाव्यात म्हणून त्याने ती आडवी धरली, आणि डाव्या कडेवरच्या खुणा त्याला दिसल्या: तीन बारीक चंद्रकोरी, एकाखाली एक.

"हे काय?" बूर-नूनूने विचारले. तो केव्हा जवळ येऊन बसला होता, कुणास ठाऊक.

"नख आहे. ज्याच्याकडे मुद्रा नसते, तो नख उमटवतो." इप्कूशा थांबला. "विकणाऱ्याचं. तुमच्या वडिलांचं."

बूर-नूनूने हात पुढे केला आणि मागे घेतला. बोटे अंगरख्याला पुसली. वर्षांवर्षांचे डांबर काही त्याने निघाले नाही.

"वाळलेली आहे," इप्कूशा म्हणाला. "काही होत नाही. धरा."

त्याने पाटी घेतली. अंगठा त्या कोरींच्या वर, स्पर्श होईल न होईल इतक्या अंतरावर धरला. मग त्याचे काळे नख पहिल्या कोरीत अलगद उतरले. ते तिथे बसले. थोडे मोठे होते, पण बसले.

"आजारी होता ना तो तेव्हा?" त्याने विचारले.

"हो. पण जोर चांगला दिलाय. खोल आहेत."

"कवच चढवलं, की हे दिसायचं नाही?"

"नाही. परत कुणी भांडलं, तरच."

बूर-नूनूने एतेल-पीकडे पाहिले, उंबरठ्यात उभ्या असलेल्या ताईकडे पाहिले, आणि पुन्हा पाटीवर मान झुकवली.

"जरा थांबशील?" तो म्हणाला.

इप्कूशा थांबला. शुमुम-लिब्शीने ऐकून न ऐकल्यासारखे केले. करवत आत न्यायला आलेला पुजारी चौरंगापाशीच उभा राहिला. मांडवाबाहेर ऊन चढत चालले होते, आणि पसरून ठेवलेल्या मातीच्या कडा फिकट पडू लागल्या होत्या. इप्कूशाने ओंजळीतून तिच्यावर पाणी शिंपडले. आणि थोड्या वेळाने, कुणी काही न म्हणता, पुन्हा एकदा शिंपडले.